हातभर लांबीचा ट्रक

माझं कामच मुळी खोट काढायचं. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापून आलेले कागद मी तपासते. रंग केसभर सरकला, रेघ तुटली, कडेला शाईचा ठिपका पडला, की तो कागद बाजूला. वर्षानुवर्षं हे केल्यावर नजर घरी आली तरी सुटीवर जात नाही. लग्नाची पत्रिका हातात पडली की मला आधी त्यातली छपाईची चूक दिसते, मग नवरानवरीची नावं. माझं स्वतःचं लग्न झालं नाही त्याचं कारणही हेच, असं माझे वडील चारचौघांत सांगतात. आलेल्या प्रत्येक स्थळात पोरीला खोट सापडली म्हणे. सापडली, त्याला मी काय करू?

वडिलांना मी नाना म्हणते. बाकीच्यांसाठी ते केरू पेंटर. आडगाव नाक्याजवळ, मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला, रावजी मिस्त्रींची ट्रकच्या बॉड्या बांधायची शेड होती. नानांनी सारी हयात तिथे ट्रक रंगवले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या काळी कंपनीतून बहुतेक वेळा अख्खा ट्रक येतच नसे. यायची ती नुसती चेसिस, म्हणजे इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि मागे लांबलचक लोखंडी सांगाडा. डोक्याला फडकं गुंडाळून, लाकडी खोक्यावर बसून ड्रायव्हर ती उघडीवाघडी चेसिस नाशिकपर्यंत हाकत आणायचा. मग रावजीकाका तिच्यावर सागाची चौकट आणि पत्रा ठोकून केबिन उभी करायचे, मागे माल भरायचा हौदा बांधायचे, आणि शेवटी नाना रंगाला हात घालायचे. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर, म्हणजे खाली पडणाऱ्या झडपेवर, कमळं, डिझेलच्या टाकीवर गाय-वासरू, केबिनच्या कपाळावर सप्तशृंगीचा डोंगर. भंगारात शोभेल असा सांगाडा शेडमध्ये शिरायचा आणि नटूनथटून बाहेर पडायचा.

मग नानांना काचबिंदू झाला. आम्हाला तो उशिराच कळला. दुखत नाही, खुपत नाही, नजर नुसती कडेकडेने विझत येते. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर सांभाळायची. नाना त्याचं वर्णन फार सोपं करायचे. "मधलं बेस दिसतं. पण नळीतून बघितल्यावानी. नळीत मावंल तेवढंच."

ट्रकला रंग देणारा माणूस सारखा मागे सरत असतो. मागे जाऊन बघितल्याशिवाय दोन बाजूंची कमळं एका उंचीवर आहेत की नाहीत ते कळत नाही. नानांच्या नळीत ट्रक मावेना, म्हणून एकदा ते हातात ब्रश घेऊन मागे गेले, आणखी मागे गेले, आणि थेट हायवेवर जाऊन उभे राहिले. बाजूने येणारी एस.टी. त्यांना दिसलीच नाही. ड्रायव्हरने गाडी कच्च्या रस्त्यावर घातली म्हणून निभावलं. रावजीकाकांचा मला प्रेसमध्ये फोन आला. मी रिक्षा करून शेडवर पोचले, नानांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि सगळ्यांदेखत ओरडले, "उद्यापासून इकडे पाऊल टाकायचं नाही. अजिबात नाही."

नाना उलटून बोलले असते तर बरं झालं असतं. ते मुकाट्याने घरी बसले. आई गेल्यापासून आम्ही दोघंच प्रेसच्या क्वार्टरमध्ये राहायचो. सकाळी मी ड्यूटीवर जाताना ते खिडकीशी खुर्चीत असायचे आणि संध्याकाळी परत आले की तिथेच. एकदा जेवता जेवता म्हणाले, "मीने, त्या दिवशीची गाडी आर्धीच राह्यली. रावजीनं दुसऱ्या पोराकडून पुरी करून घेतली."

"बरं झालं मग."

"बरं झालं. पण मला एक गाडी पायजे. पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत माझीच. अन् ती मला अख्खी दिसली पायजे. मंग ब्रश टाकतो."

मी भाकरी वाढली आणि विषय बदलला. अख्खा ट्रक दिसायला जेवढं लांब जावं लागेल तिथे हायवे होता.

ही दोन हजार तीन सालातली गोष्ट. उन्हाळ्यातल्या एका रविवारी दारात एक उंच, ताठ म्हातारा उभा राहिला. मिशा पांढऱ्या, बूट चकचकीत, बगलेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. नाव मोतीराम गावित, मूळचे सुरगाण्याकडचे. फौजेत वायरलेस सेट दुरुस्त करण्यात त्यांची सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी देवळाली कॅम्पात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. रावजीकाकांनी त्यांना आमचा पत्ता दिला होता.

"पेंटर कुठंय?" त्यांनी विचारलं आणि चादर सोडली.

आत एक ट्रक होता. हातभर लांबीचा, परदेशी घाटाचा, वीस-एक वर्षांपूर्वीचा. केबिन प्लास्टिकची. एकेकाळी लालभडक असावी, आता उडून फिकट गुलाबी झालेली. पुढची काच तडकलेली, एक दिवा गायब, टायरांना भेगा. मात्र खालची चेसिस अस्सल लोखंडी, आणि चाकांमागे स्प्रिंगचे पाटेसुद्धा खऱ्या गाडीसारखे. बदली होऊन निघालेल्या कुण्या साहेबाने घरसामान विकायला काढलं तेव्हा हा ट्रक बंद म्हणून कुणी घेतला नव्हता. मोतीरामकाकांनी तो उचलला आणि माळ्यावर ठेवला. निवृत्तीनंतर खाली काढून आतलं सगळं काम स्वतःच्या हाताने केलं.

"आतून ओके आहे. बाहेरून बघवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही ट्रक रंगवता ना, तसा करून द्या. आपल्याकडचा वाटला पाहिजे."

मी जरा नाक मुरडलं. खेळण्यासाठी एवढ्या लांब कोण येतं? रिमोटच्या गाड्या मी मेनरोडवर ढिगाने बघितल्या होत्या. बटण दाबलं की सुसाट सुटतात, वळल्या तर गर्रकन पूर्ण वळतात आणि दिवाळी संपायच्या आत कचऱ्यात जातात. मोतीरामकाकांनी ट्रक फरशीवर ठेवला आणि दोन दांड्यांचा एक डबा हातात घेऊन त्याची एरियल लांब ओढली. एक दांडी त्यांनी जरा, अगदी जरा, सरकवली. ट्रकची पुढची चाकं तेवढीच, अगदी जरा, वळली. आणखी सरकवली, चाकं आणखी वळली. दांडी हळूहळू सोडली, चाकं हळूहळू सरळ झाली. मध्ये तार नाही, दोरा नाही, काही नाही. खोलीच्या त्या टोकाला एका म्हाताऱ्याचा अंगठा हलत होता आणि या टोकाला माझ्या पायाशी लोखंड त्याचं ऐकत होतं. खोट शोधायचं भानच राहिलं नाही.

नाना खुर्चीवरून उठले. चाचपडत समोरच्या भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "तिकडं ठेवा. पार त्या भितीपशी." ट्रक दुसऱ्या भिंतीशी ठेवला. नानांनी मान स्थिर धरली.

"मीने," ते म्हणाले, "अख्खी दिसती गं. चारी कोपरे."

आता नाही कशी म्हणणार? मी अटी घातल्या. काम शेडमध्येच, पण आतल्या बाजूला, हायवेकडे पाठ करून. आणि फक्त माझ्या सुटीच्या दिवशी, मी समोर असताना. नानांनी सगळ्याला मान हलवली. पुढचा रविवार येईपर्यंत ते ब्रश साबणाने धूत बसले, तेच तेच ब्रश, पुन्हा पुन्हा.

पहिल्याच रविवारी सत्यानाश झाला.

रावजीकाकांनी कोपऱ्यात लाकडी टेबल लावून दिलं होतं. मोतीरामकाका स्टुलावर बसले होते. नानांनी काम तसंच सुरू केलं जसं ते आयुष्यभर करत आले. रंगाआधी पत्रा स्वच्छ पाहिजे, त्यावर तेलाचा, हाताचा डाग नको, म्हणून फडकं थिनरमध्ये भिजवून केबिन घसघसून पुसायची. त्या शेडमधला कुठलाही माणूस झोपेतसुद्धा हेच करेल. नानांनी छप्पर पुसलं, दारं पुसली, बोनेट पुसलं. मग त्यांचा हात थांबला.

"चिकट का लागतंय?"

प्लास्टिक थिनरने विरघळायला लागलं होतं. छपराला सुरकुत्या पडल्या, दाराची रेघ पुसली गेली, फडक्याला गुलाबी लगदा आला. नानांनी घाबरून बोटांनी छप्पर सावरायला पाहिलं तर बोटांचे ठसे त्यात खोल उमटले. बघता बघता केबिन एका बाजूला कलली आणि बसली. आम्ही चौघं बघत होतो. पत्र्याच्या दुनियेत जन्म गेलेल्या त्या माणसांमध्ये प्लास्टिकचा विचार कुणाच्या डोक्यात आलाच नाही. माझ्याही नाही.

नानांनी हात टेबलावर ठेवले. हाताला गुलाबी लगदा तसाच. "डोळे गेले हुते," ते म्हणाले, "आता हात बी गेले." मग मोतीरामकाकांकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, माफी करा. तुमची इतक्या वर्षांची वस्तू मी मातीत घातली." आणि माझ्याकडे न बघता, "मीने, चल घरी."

मला मोतीरामकाकांचा राग आला, प्लास्टिकचा आला, थिनरचा आला. नानांना हाताला धरून उठवत होते तेवढ्यात रावजीकाकांनी ती विरघळलेली केबिन चेसिसवरून उचकटली आणि बाजूच्या डब्यात टाकून दिली. मग त्यांनी उघडी चेसिस टेबलावर ठेवली. लोखंडी सांगाडा, चाकं, पाटे, मध्ये मोटर. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी पालटत गेलं.

"केरूभाऊ," ते म्हणाले, "घरी कुठं चालला? चेसिस आली हाय."

नानांचा हात धरून मी तशीच वळले.

"आरं, आपल्याकडं गाडी येती कशी? अशीच येती ना? कंपनी चेसिस देती, बॉडी आपण बांधतो. हिला बी आपणच बांधायची. त्या परदेशी टपरीवर कमळ काढून काय शोभलं असतं का?" ते मोतीरामकाकांकडे वळले. "बोला साहेब, बांधू का?"

मोतीरामकाकांनी डब्यातल्या गुलाबी लगद्याकडे पाहिलं, नानांच्या हातांकडे पाहिलं. "बांधा," ते म्हणाले. "पण दारं उघडली पाहिजेत."

त्यानंतरचा पावसाळा त्या टेबलापाशी गेला. मी फक्त नानांवर लक्ष ठेवायला जात होते, असं सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे मला शनिवारपासूनच चैन पडायची नाही. रावजीकाकांनी सागाच्या उरलेल्या फळ्यांमधून बोटभर जाडीच्या नव्हे, काडीभर जाडीच्या पट्ट्या काढल्या आणि केबिनची चौकट उभी केली. खऱ्या केबिनला जिथे जिथे सांधा असतो तिथे तिथे सांधा. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, लाकडी ठोकळ्यावर ठेवून, छोट्या हातोडीने ठोकत त्यांनी बोनेटला गोलाई आणली. दारांना बिजागऱ्या केल्या. दार लावलं की टक् असा बारीक आवाज व्हायचा, आणि तो ऐकायला शेडमधले वेल्डर हातातलं काम टाकून यायचे. एक धिप्पाड सरदारजी ड्रायव्हर, ज्याचा ट्रक बाहेर तयार होत होता, तो वाकून त्या दारातून आत बघत बसला आणि म्हणाला, "सीट कब लगेगी?" रावजीकाकांनी सीट लावली. रेक्झिनची, आत कापूस भरून.

टायर सातपूरच्या एका लेथवाल्याने जाड रबरातून कापून दिले. मागे जोडचाकं घातली, म्हणजे एकूण सहा. हौदा झाला, साखळ्या लावलेला फाळका झाला. सगळं जोडून झाल्यावर मोतीरामकाकांनी डबा हातात घेतला, दांडी सरकवली, आणि मोटर नुसतीच कुंथली. ट्रक जागचा हलला नाही.

साग आणि पत्रा. प्लास्टिकच्या कितीतरी पट वजन झालं होतं. "हौदा काढून टाकू?" रावजीकाका म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनाच ते सोसवत नव्हतं.

"हौदा राहू द्या," मोतीरामकाका म्हणाले. "ओझं आहे तर गिअर बदलायचा. घाटात काय करता तुम्ही?" त्यांनी ट्रक कॅम्पात नेला आणि मोटर आणि चाकांच्या मध्ये आणखी एक दातेरी चाक बसवलं. वेग जाईल, ताकद येईल, एवढंच त्यांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी त्यांनी तो शेडच्या जमिनीवर ठेवला. दांडी सरकली. आधी मोटरचा घरघराट आला. मग पाटे जरा दबले, केबिन किंचित मागे झुकली, आणि ट्रक निघाला. इतका सावकाश, इतका जड की वेल्डरांनी हातातलं काम खाली ठेवलं. आधी तो खेळण्यासारखा टुणटुण पळायचा. आता तो पूर्ण माल भरून कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या गाडीसारखा येत होता. वाटेत पडलेला नट चाकाखाली आला तेव्हा पुढचा पाटा वर उचलला गेला, केबिन एका अंगाला डुलली आणि परत सरळ झाली. शेकडो खऱ्या गाड्या ज्यांच्या हाताखालून गेल्या त्या रावजीकाकांनी तोंडावर हात ठेवला. सरदारजीने पगडीला हात लावला आणि काहीतरी पुटपुटला. मला रडू का येत होतं ते मला सांगता येत नव्हतं. थिनरचा तो प्रकार झाला नसता तर हे चालणं या गाडीला कधी मिळालंच नसतं.

"आता माझ्याकडं द्या," नाना म्हणाले.

रंगाच्या दिवसांत नाना कुणाशी बोलायचे नाहीत. पत्र्याला पुट्टी, घासकाम, प्रायमरचा हात, पुन्हा घासकाम, मग पहिला हात पिवळा. रेषेच्या कामासाठी त्यांनी ब्रशातले केस कापून कापून मोजकेच ठेवले होते. केबिन हातात धरली की नानांच्या नळीत बरोबर बसायची, आणि बाकीचं जग त्यांना दिसत नसल्यामुळे असेल, त्यांचा हात असा चालायचा की मी श्वास धरून बघायचे. डिझेलच्या टाकीवर, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत, गाय आणि वासरू आलं. वासराची मान वळलेली, गाईची जीभ त्याच्या पाठीवर. केबिनच्या कपाळावर सप्तशृंगीचा डोंगर, सगळी शिखरं वेगवेगळी, आणि खाली 'सप्तशृंगी माता प्रसन्न'. अक्षरांना सावलीसुद्धा दिली. प्रेसमध्ये मी बारीक काम रोज बघते, पण ते यंत्राचं असतं. इथे एक म्हातारा माणूस ओठ दाबून बसला होता आणि त्याच्या बोटांतून हे उतरत होतं. मी त्यांची मुलगी असून मला नाना कोण आहेत ते तोवर ठाऊक नव्हतं, असं मला वाटलं.

फाळक्यावरची कमळं झाल्यावर त्यांनी ट्रक माझ्यासमोर सरकवला. "तपास."

"चांगलंय, नाना."

"चांगलंय काय? तुमच्या हापिसात असं बोलती का? नीट तपास."

मी तपासलं. डावं कमळ उजव्यापेक्षा एक बारीकशी रेघ वर होतं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, पण नाना माझ्या तोंडाकडे त्या नळीतून असे रोखून बघत होते की खोटं बोलायची सोय नव्हती.

"डावं वर आहे," मी म्हणाले. "केसभर."

त्यांनी फडकं घेतलं आणि डावं कमळ पुसून टाकलं. रावजीकाका माझ्यावर भडकले, "एवढ्यावरून?" नाना मात्र खुशीत होते. "माझी पोरगी हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पाकळीपासून काढायला बसले. त्या दिवशी आम्हाला घरी जायला उशीर झाला आणि शेवटची पाकळी होईपर्यंत मी एकदाही घाई केली नाही.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची आणि गाड्यांची पूजा असते. सकाळी हायवेकडच्या बाजूला धुतलेले ट्रक झेंडूच्या माळा घालून ओळीने उभे होते. हातोड्या, पाने, वेल्डिंगचं मशीन, नानांचे ब्रश, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. हातभर लांबीचा ट्रक त्या ओळीच्या शेवटी ठेवला होता. त्याला झेंडूची एकच पाकळी, केबिनच्या कपाळावर. नारळ फोडायची वेळ आली तेव्हा मोतीरामकाकांनी धावत येऊन ट्रक उचलला, कारण नारळाचं पाणी आतल्या, डब्याचं ऐकणाऱ्या रेडिओत गेलं असतं. रावजीकाकांनी शेंगदाण्याएवढा खोबऱ्याचा तुकडा चाकापुढे ठेवून भागवलं.

मग शेडच्या मागची मोकळी जागा झाडून घेतली. नाना तिथे जमिनीवर मांडी घालून बसले, पाठ भिंतीला. मी त्यांच्या शेजारी बसले. इतके महिने ट्रक त्यांनी तुकड्या-तुकड्याने पाहिला होता. आज केबिन, उद्या फाळका, परवा टाकी. पूर्ण झाल्यावर लांबून त्यांनी तो अजून बघितलाच नव्हता. "सगळं झाल्याबिगर बघायचं नाय," असा त्यांचा हट्ट.

मोतीरामकाकांनी ट्रक त्या टोकाच्या कुंपणाशी नेऊन ठेवला आणि बाजूला झाले. मी नानांची मान हलकेच त्या दिशेने वळवली. ऊन लख्ख होतं. पिवळी केबिन, निळा हौदा, लाल चाकं.

"सापडली?" मी विचारलं.

नानांचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. त्यांचे ओठ हलत होते. मी कान जवळ नेला तर ते मोजल्यासारखे एकेक म्हणत होते, "डोंगर. दारं. टाकी. हौदा. चाकं." मग सगळं पुन्हा. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात काढला नाही, मानही हलवली नाही, कारण मान हलली असती तर गाडी सुटली असती.

"चालवू?" मोतीरामकाकांनी लांबून हाक मारली.

"चालवा," मी म्हणाले, "पण सरळ आणा. वळवू नका. सरळ नानांकडे."

घरघराट सुरू झाला. ट्रक कुंपणापासून निघाला, जड, सावकाश, जरा जरा डुलत. रावजीकाका, वेल्डर, ड्रायव्हर, सगळे दोन्ही बाजूंना उभे होते, पण नानांना त्यातलं कुणीच दिसत नव्हतं. त्यांच्या जगात त्या वेळी फक्त एक रस्ता होता आणि त्यावर एक ट्रक.

"येतीय," नाना म्हणाले. "बेस येतीय. वझं हाय पण इंजिन दमलं नाय."

ट्रक अर्ध्यावर आला. "आता चाकं दिसंना," नाना म्हणाले. आणखी जवळ आला. "आता नुसती केबिन." त्यांचा श्वास जोरात चालायला लागला होता. "नाव दिसतंय. आई, केवढं अक्षार! मीने, केवढी हाय गं ही गाडी!"

माझ्या डोळ्यांना तो हातभर लांबीचा ट्रक दिसत होता, चपलांच्या ओळीपेक्षा जरा उंच. नानांचे डोळे मात्र पुढे पुढे येणाऱ्या पिवळ्या रंगाने भरत चालले होते, कडा निघून गेल्या होत्या, वर-खाली कुठे शेवट नव्हता. भुवया वर गेल्या, तोंड उघडं पडलं.

"आरं बास!" नाना एकदम ओरडले. "बास, बास! अंगावर घालतो का काय!" आणि दोन्ही पाय आखडून, माझा हात धरून, मलाही ओढत ते भिंतीला चिकटले.

मोतीरामकाकांनी दांडी सोडली. ट्रक नानांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. सगळी शेड हसत सुटली. नानाही हसत होते, छाती धडधडत असताना, डोळ्यांतून पाणी गळत असताना. त्यांनी हात पुढे केला, बोनेट चाचपलं आणि तळवा त्यावर तसाच ठेवला.

"रावजी," ते म्हणाले, "हिच्यासमोर कुणाला उभं राहू देऊ नको रे. मोठी गाडी हाय."